बडोद्याभोवती एवढे कारखाने, मग देशात कारखानदारीचा वाटा हलत का नाही?

सयाजीगंजकर (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न जरा मोठा आहे, पण इथे मकरपुऱ्यापासून कोयलीपर्यंत सगळीकडचे लोक वावरतात म्हणून विचारतो.

देशाच्या उत्पन्नात कारखानदारीचा वाटा १९६०च्या दशकात १५ टक्क्यांच्या आसपास होता. १९९०च्या दशकाच्या मध्यावर तो १७-१८ पर्यंत चढला आणि आज, चालू किमतींनी मोजला तर, १३-१४वर आलाय. मधल्या काळात लायसन्स-परमिट आलं नि गेलं, सरकारी कारखाने उभे राहिले नि विकले गेले, जकात कमी झाली, जीएसटी आला. २०११च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणाने २०२२पर्यंत २५ टक्के गाठू म्हटलं, २०१४च्या मेक इन इंडियाने तोच आकडा पुढे नेला. काटा तिथेच.

बडोद्यात राहून हे खरं वाटत नाही. इथे दर पिढीला काहीतरी नवं आलंय. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढलं, १९०७ साली अलेंबिक ही औषध कंपनी, १९४३ साली ज्योती (पंप-मोटारी) आणि साराभाई केमिकल्स. मग सरकारी लाट आली: १९६५ ला कोयलीची रिफायनरी, १९६७ पासून जीएसएफसीचं खत, १९६९ ला आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी. १९९१ नंतर हालोलला मोटारी, सावलीला मेट्रोचे डबे आणि आता चक्क विमानं.

माझं मत असं की यातली बरीचशी वाढ वरून उतरली. मोठा कारखाना, मोठं भांडवल, मोजकी माणसं. त्यांच्या आधाराने जीआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत) जी शेडं उभी राहिली, ती तीस वर्षांपूर्वी आठ माणसांची होती आणि आजही आठच माणसांची आहेत. छोटा मधला होत नाही, मधला मोठा होत नाही. जपान-कोरियात हे झालं, आपल्याकडे अडलं. खरी गोम इथे आहे.

तुम्हाला काय वाटतं? शक्यतो स्वतः पाहिलेलं लिहा. 'सरकार चांगलं की वाईट' यासाठी वेगळे धागे आहेत.

दांडियाबाजारी

शेवटच्या वाक्याला मनापासून शुभेच्छा. दहाव्या प्रतिसादापर्यंत नेहरू आणि विसाव्यापर्यंत मोदी आले नाहीत तर माझ्याकडून सगळ्यांना सेव-उसळ.

कोयली_निवृत्त

सयाजीगंजकर, 'मोजकी माणसं' हा ठपका बरोबर आहे, पण त्यातून जो अर्थ निघतो तो बरोबर नाही.

तेल शुद्धीकरण हा धंदाच भांडवलाचा. कोयली सोव्हिएत मदतीने उभी राहिली. आज तिची क्षमता १३७ लाख टन आहे आणि ती १८० लाखांपर्यंत न्यायचं काम चालू आहे. क्षमता वाढली तशी माणसं वाढली नाहीत, वाढणारही नव्हती. मी लागलो तेव्हा कंट्रोल रूमच्या भिंतीवर डायलच डायल असायचे, तासातासाला रीडिंग वहीत उतरवायला माणूस लागायचा. पुढे पडदे आले, वही गेली, वहीवाला गेला.

पण रिफायनरीतून निघणाऱ्या नॅफ्थ्यावर आयपीसीएल उभी राहिली, तिच्या प्लॅस्टिकच्या दाण्यांवर आख्ख्या गुजरातेत मोल्डिंगची यंत्रं चालली. नंदेसरीत रसायनांचे कारखाने आले. रिफायनरीच्या दारात माणसं मोजाल तर निराश व्हाल. दहा-वीस कोसांवरची बादली, पाइप, पोतं बनवणारी शेडं मोजा.

आता जे चुकलं ते. आमच्याकडे निविदा निघायची तिच्यात अट असायची: गेल्या तीन वर्षांची उलाढाल अमुक, अशाच कामाचा अनुभव तमुक. नव्या माणसाला अनुभव कुठून यायचा? ठरलेलेच चार ठेकेदार भरायचे आणि तेच मकरपुऱ्यातल्या कुणाला तरी निम्म्या दराने काम द्यायचे. छोटा छोटाच राहतो त्याचं एक कारण हे. हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय.

आकडेमोड

धागा रंगण्याआधी आकड्यांबद्दल दोन गोष्टी, नाहीतर सगळी चर्चा हवेत जाईल.

एक, 'वाटा हलला नाही' म्हणजे 'वाढ झाली नाही' असं नव्हे. देशाचं उत्पन्न कित्येक पटींनी वाढलं आणि कारखान्यांचं उत्पादनही साधारण तेवढ्याच पटींनी वाढलं. आपण सगळ्यांच्या बरोबरीने धावलो. चीन किंवा कोरियात कारखाने बाकीच्यांच्या पुढे धावले, तसं इथे झालं नाही.

दोन, चालू किमतींनी मोजलं तर वाटा १४च्या आसपास दिसतो, २०११-१२च्या स्थिर किमतींनी (म्हणजे भाववाढ वगळून) मोजलं तर १७च्या आसपास. फरक कशाने पडतो? कारखान्यातल्या वस्तूंचे भाव सेवांच्या मानाने कमी वाढतात. दाढीचा दर आणि पंख्याची किंमत गेल्या वीस वर्षांत किती वाढली ते आठवा. शिवाय पूर्वी कारखान्याचा पहारेकरी, कँटीनवाला, ड्रायव्हर कारखान्याच्याच पगारपत्रकावर असायचे आणि कारखानदारीत मोजले जायचे. आता ते एजन्सीचे, म्हणजे सेवा क्षेत्रात गेले.

तेव्हा 'घसरला' म्हणण्यापेक्षा 'जागचा हलला नाही' हेच बरोबर. रोजगाराचं तसंच: तीस वर्षं देशातल्या काम करणाऱ्यांपैकी दहा-बारा टक्केच लोक कारखानदारीत आहेत. तिथे किमतींच्या हिशेबाची पळवाट नाही.

मांडवीकर

दाढीचं उदाहरण आवडलं. आमच्या न्हाव्याला दाखवतो, म्हणजे आणखी दहा रुपये वाढवेल.

लेथवाला

धागाकर्त्याने आठ माणसांच्या शेडबद्दल लिहिलंय, ती शेड बहुतेक माझीच असावी :) म्हणून सविस्तर लिहितो.

मकरपुऱ्यात वडिलांनी दोन लेथवर सुरू केलं. आज सीएनसी (संगणकावर चालणारा लेथ) आहे, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) आहे. काम ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअरवाल्यांचं: बुशिंगची पितळी टर्मिनलं, टॅप चेंजरचे शाफ्ट, फ्लँज. हे काम बडोद्यात मिळतं कारण आसपास ट्रान्सफॉर्मर बनवणारे भरपूर आहेत आणि टेस्टिंगला ईआरडीए ही विजेच्या उपकरणांची चाचणी संस्था हाकेच्या अंतरावर आहे. त्या बाबतीत तक्रार नाही.

जॉबवर्क कसं चालतं ते सांगतो. पितळेचे गज गिऱ्हाईक चलनावर पाठवतं. शंभर किलो आलं तर तयार माल आणि कीस (कातताना निघालेला चुरा) मिळून वजन जुळवून द्यायचं. कूलंटमध्ये गेलेला, झाडूत गेलेला, कामगाराच्या बुटाला चिकटलेला कीस आमच्या बिलातून कापला जातो. म्हणून संध्याकाळी माझा सुपरवायझर मशीनखालचा ट्रे स्वतः गाळतो. पितळेचा भाव चढला की त्याचं गाळणं आणखी बारीक होतं.

आता मोठं का होत नाही? सगळे म्हणतात कायदे. वीज वापरून दहा माणसं लावली की जुन्या १९४८च्या कायद्यात फॅक्टरी, दहाला ईएसआय (कामगार विमा), विसाला पीएफ. हो, त्रास आहे. पण खरं सांगतो, त्या भीतीने मी थांबलेलो नाही. कन्सल्टंट महिन्याचे पैसे घेतो आणि सगळी कागदपत्रं करतो.

मी थांबलो पैशांच्या चक्रापायी. २००६चा एमएसएमई (छोट्या-मध्यम उद्योगांचा) कायदा सांगतो ४५ दिवसांत पैसे द्या. एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे माझं बिल ४५ दिवसांत त्यांच्या सिस्टिममध्ये चढतसुद्धा नाही. माल गेटवर पोचला, पण 'स्वीकारला' कधी, ते क्यूसीवाला (माल तपासणारा) ठरवणार. सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार करता येते, केली की पुढची ऑर्डर शेजारच्या शेडला. एप्रिल २०२४ पासून वेळेत पैसे दिले नाहीत तर त्या खर्चाची आयकरात त्या वर्षी वजावट मिळत नाही असा नियम आला, तेव्हा वाटलं आता सुटलो. तर दुसऱ्या एकाने सुचवलं, 'शेठ, उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) नसलेल्या दुसऱ्या नावाने बिल लावा ना.'

अशात काम दुप्पट केलं तर काय होईल? अडकलेले पैसेही दुप्पट. पगार सात तारखेला, विजेचं बिल महिन्याला, गिऱ्हाइकाचे पैसे राम भरोसे. बँक कॅश क्रेडिट वाढवायला तयार आहे, तारण म्हणून राहतं घर मागते. बायको नाही म्हणाली. तिचं बरोबर आहे.

दांडियाबाजारी

लेथवाला, पहिल्या स्मायलीपर्यंत हसलो, पुढे हसणं राहिलं. उत्तम प्रतिसाद.

रेवाकाठची

मी एचआरमध्ये आहे, कंपनीचं नाव विचारू नका. लेथवाल्यांना कायद्याचा जाच वाटत नाही कारण त्यांचा आकडा छोटा आहे. जरा वर या.

औद्योगिक विवाद कायद्यात १९७६ साली एक प्रकरण घातलं गेलं: ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर कपात करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी. १९८२च्या दुरुस्तीने ते १००वर आणलं. कागदावर कामगाराचं रक्षण. प्रत्यक्षात मालकांनी शंभरावा कायम माणूस घेणं टाळलं आणि कंत्राटदार आणला. सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीत २०००च्या सुमारास कंत्राटी कामगार २० टक्क्यांच्या आसपास होते, आता ४० टक्क्यांच्या घरात आहेत. गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ मध्ये, चार कामगार संहिता लागू झाल्या आणि मर्यादा पुन्हा ३००वर गेली. गंमत म्हणजे तोवर सगळ्यांनी कंत्राटाची सवय लावून घेतलीय. परत कोण फिरणार?

मला यात नोकरीच्या सुरक्षिततेपेक्षा मोठं नुकसान दिसतं ते शिकण्याचं. आमच्या वाइंडिंग सेक्शनला कॉइल गुंडाळणारा मुलगा आठ-दहा महिन्यांत हाताला जमायला लागतो, ताण किती द्यायचा, कागद कुठे चुरगळतो ते त्याला बोटांनी कळतं. आणि तेव्हाच त्याचं कंत्राट संपतं. पुन्हा नवा मुलगा, पुन्हा रिजेक्शन. मॅनेजमेंटला रिजेक्शनचा आकडा दिसतो, कारण दिसत नाही.

इंदुरी_जिरावन

बडोदेकरांनो, तुमचं गाव नशीबवान आहे, एक लाट ओसरली की दुसरी येते. आमच्या इंदुरात हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली आणि तिथल्या कामगारांच्या थकबाकीचा धनादेश निघाला डिसेंबर २०२३ मध्ये. सुमारे ४,८०० कामगार, २२४ कोटी. बत्तीस वर्षं. कित्येक जण तोवर गेले होते, वारसांनी अर्ज भरले.

रेवाताई म्हणतात तो परवानगीचा कायदा असताना हे झालं. त्याने मिल वाचली नाही आणि कामगारालाही पैसे मिळाले नाहीत. जमीन, बँका, लिक्विडेटर यांच्या दावेदारीत तो शेवटच्या रांगेत. आजारी कारखाना लवकर मरू द्यायचा नाही आणि मेला तर अंत्यविधी तीन दशकं करायचा, ही आपली रीत. त्यात अडकलेली जमीन आणि भांडवल नव्या धंद्याला मिळत नाही. २०१६ची दिवाळखोरी संहिता त्यासाठीच आली.

पिथमपूरला गाड्या, टायर, औषधं सगळं आहे, पण मिलमधल्या माणसाला तिथे नोकरी मिळाली असं फार दिसत नाही.

अवांतर: दांडियाबाजारींच्या सेव-उसळीपेक्षा पोहे-जिलबी कधीही सरस.

मांडवीकर

पोह्यांवर जिलबी ठेवणाऱ्यांनी चवीबद्दल बोलू नये. हलकेच घ्या.

दांडियाबाजारी

+१. आणि सेव-उसळीतला तर्रीचा झणका इंदूरच्या शेवेला यायचा नाही. धागाकर्ते, माफी, चालू द्या.

बुसानचा_बंडू

मी मूळ करेलीबागचा, सध्या कोरियात जहाजबांधणीशी संबंधित काम करतो. धागाकर्त्याने 'जपान-कोरिया' एका दमात लिहिलंय, तिथे थांबवतो. छोट्यांनी वाढत वाढत मोठं होणं हा तैवानचा रस्ता. कोरियाचा रस्ता बरोबर उलटा: सरकारने मूठभर घराण्यांना स्वस्त कर्ज दिलं, १९७३ पासून पोलाद, जहाजं, रसायनं यांत ढकललं. छोटे इथेही दबलेलेच होते, अजून आहेत. युनियन तर चिरडल्याच.

मग फरक कशात? राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही १९६५ पासून दर महिन्याला निर्यातीची बैठक घ्यायचे आणि स्वतः बसायचे. ज्याने निर्यातीचं लक्ष्य गाठलं त्याला पुढचं कर्ज, ज्याने नाही त्याचं बंद. आपल्याकडेही संरक्षण होतं, कर्ज होतं, लायसन्स होतं. परदेशात जाऊन विकून दाखव ही अट नव्हती. अँबेसेडर १९५७ पासून २०१४ पर्यंत त्याच तोंडवळ्याने निघाली आणि बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. ज्याच्या दारात गिऱ्हाइकांची रांग आहे तो मालक माल कशाला सुधारेल?

सयाजीगंजकर (धागाकर्ता)

@बंडू, कोरिया काढून तैवान वाचा, माझा मुद्दा आणखी घट्टच होतो. निर्यातीच्या अटीबद्दल मात्र सहमत. १९६५ ते ८० ही आपल्या उद्योगांची सगळ्यात मंद वर्षं, आणि नेमकं त्याच काळात एकाधिकार कायदा (१९६९), फेरा हा परकीय चलनाचा कायदा (१९७३) आणि छोट्या उद्योगांची राखीव यादी (१९६७ पासून) आली. यादीत पुढे आठशेच्या वर वस्तू गेल्या. म्हणजे छोट्याला वाचवायचं म्हणून त्याला सांगितलं, ही वस्तू तूच बनव, पण मोठा होऊ नकोस, झालास तर हक्क जाईल. शेवटच्या वीस वस्तू २०१५ साली यादीतून बाहेर आल्या.

दांडियाबाजारी

१९६५ ते ८०, एकाधिकार कायदा, फेरा... नेहरू हुकले, त्यांच्या कन्येचा काळ आला. पैज अर्धी चालू.

वाघोडियाची_मीनल

राखीव यादीवरून आठवलं, तयार कपडेही तिच्यात होते, २०००नंतर सुटले. तोवर बांगलादेशाने शिलाईच्या मोठाल्या शेडांमध्ये लाखो बायका बसवल्या होत्या. आपल्याकडे कापूस, सूत, कापड सगळं होतं, शिलाई मात्र छोट्या खोल्यांतून. २००५ला जगभरचा कापडाचा कोटा उठला तेव्हा दरवाजा उघडला आणि आपण दारात छोटे उभे.

सगळेजण माणसं-माणसं करताय, त्यात बायका कुठे आहेत? मी वाघोडियाला पॅकिंगचं युनिट चालवते, बहुतेक बायकाच आहेत. जुन्या फॅक्टरी कायद्यात संध्याकाळी सात ते सकाळी सहा त्यांना काम निषिद्ध होतं. आता अटींवर परवानगी आहे. कायद्याने मुभा दिली, पण रात्री सुटल्यावर गावाकडे जाणार कशाने? बस मी ठेवायची, ती परवडायला तीन शिफ्ट चालल्या पाहिजेत, तीन शिफ्टला ऑर्डर पाहिजे. माझ्याकडच्या सगळ्यात चलाख पोरीने गेल्या दिवाळीनंतर काम सोडलं. घरच्यांनी सांगितलं, साडेसहाच्या आत घरी. दिवसाची शिफ्ट सहाला सुटते आणि तिचं गाव चौदा किलोमीटर आहे.

कामगारांसाठी इस्टेटच्या जवळ राहायची सोय हा विषय आपल्या कुठल्याच औद्योगिक धोरणात नीट येत नाही. बिर्‍हाड करायला परवडेल अशी खोली कारखान्याजवळ मिळत नाही, मिळाली तर दहा जणांत एक.

रेवाकाठची

मीनलताई, शंभर टक्के. आमच्याकडे मुली घ्या म्हणून वरून आदेश आला, टॉयलेटची संख्या वाढवायला आठ महिने लागले.

कलाभवनचा_जुना

एक गोष्ट राहतेय. अलेंबिक सुरू करणारे तिघे: प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, त्यांचे विद्यार्थी कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन. गज्जर हेच कलाभवनाच्या स्थापनेतले. म्हणजे आधी शाळा, मग तिथून निघालेली माणसं, मग कारखाना. त्यात एक मराठी नाव आहे हे आपल्या लोकांनाही फारसं माहीत नसतं. कलाभवनात रंगकाम, यांत्रिकी, सुतारी शिकवायचे. दादासाहेब फाळकेही तिथलेच विद्यार्थी. १९४९ला विद्यापीठ आलं आणि कलाभवन अभियांत्रिकी शाखा झाली. चांगली झाली, मी तिथलाच. पण हाताने काम करणारा आणि डिग्रीवाला एका छताखाली शिकायचे ते संपलं. हाताचं शिक्षण आयटीआयकडे गेलं आणि आयटीआयला आपण कमी लेखलं.

आज अलेंबिकच्या आवारात जुन्या अल्कोहोलच्या भट्टीच्या इमारतीत चित्रकारांचे स्टुडिओ आहेत. छान केलंय, जाऊन बघा.

औषधीवाली

अलेंबिकचा विषय निघाला म्हणून फार्माची बाजू. ही यशोगाथा आहे, पण अर्धी. १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाचं पेटंट काढून फक्त प्रक्रियेचं ठेवलं. आपल्या रसायनशास्त्रज्ञांनी वेगळ्या वाटेने तीच औषधं स्वस्तात बनवली आणि पुढे जगभर विकली. सरकारचं धोरण, कॉलेजातून निघालेली माणसं आणि बाहेरचं गिऱ्हाईक, तिन्ही जुळलं की काय होतं ते बघा. बंडूंनी सांगितलेली निर्यातीची शिस्त इथे परदेशी इन्स्पेक्टरने लावली.

पण कच्चा माल? पेनिसिलिन बडोद्यात फर्मेंटेशनने बनायचं. मग चीनचा माल असा भावात यायला लागला की देशातल्या पेनिसिलिन-जीच्या टाक्या एकेक करून थंड झाल्या. गोळी आपली, आतला मूळ पदार्थ त्यांचा. २०२० साली सीमेवर आणि साथीत दोन्हीकडून घाम फुटला तेव्हा पीएलआयमध्ये (उत्पादनावर सरकारी प्रोत्साहन) या औषधांसाठी वेगळी योजना आली. फर्मेंटेशनचं कसब एकदा मोडलं की परत उभं करणं फार अवघड. जंतू फ्रीझरमध्ये टिकतो, पण टाकीचा आवाज आणि वास ओळखणारा ऑपरेटर रिटायर झालेला असतो.

आकडेमोड

@रेवाकाठची, @औषधीवाली, दोघी एकच सांगताय, कसब साठत नाही. हे कुठल्याही आकडेवारीत दिसत नाही, म्हणून मी गप्प.

एक कडू गोष्ट मात्र नोंदवतो. बडोद्याच्या यशातला थोडा हिस्सा उसना आहे. १९५२ पासून १९९३ पर्यंत केंद्राने पोलादाचं भाडं सगळीकडे सारखं ठेवलं. जमशेदपूरचा पत्रा बडोद्यात जवळपास तिथल्याच भावाने मिळायचा. खाणी आणि भट्ट्यांशेजारी कारखाने काढायचा बिहारचा फायदा गेला, तो आपल्याला आणि मुंबई-पुण्याला मिळाला. आज मकरपुऱ्यात बिहारचा मुलगा हेल्परचं काम करतो त्याचा या धोरणाशीही संबंध आहे.

मांडवीकर

हे माहीत नव्हतं. गुजराती मित्रांसमोर बोलायची हिंमत होईल का बघतो.

कोयली_निवृत्त

आकडेमोड, कोळसा आणि पोलादाचं भाडं सारखं केलं, कापसाचं नाही केलं, हेही लिहा. अन्याय पुरा सांगावा.

सयाजीगंजकर (धागाकर्ता)

चर्चा अपेक्षेपेक्षा बरीच खोल गेली, आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. आता चौथी लाट म्हणतात ती विमानांची: सी-२९५ ही लष्करी वाहतुकीची विमानं, एकूण ५६, त्यातली १६ स्पेनहून तयार आणि ४० बडोद्यात. ऑक्टोबर २०२४ मध्ये कारखान्याचं उद्घाटन झालं. लेथवाला, ही तुमच्या शेडपर्यंत पोचते का? की पुन्हा वरच्या वर?

दांडियाबाजारी

उद्घाटन कुणी केलं ते लिहिलं नाहीत, चलाख आहात. तांत्रिकदृष्ट्या मोदी आले नाहीत. नेहरू मात्र माझ्याच पहिल्या प्रतिसादात होते, त्यामुळे सेव-उसळीचा निकाल संपादक मंडळाने द्यावा.

लेथवाला

एका पुरवठादाराच्या पुरवठादाराकडून ड्रॉइंग आलं होतं. ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट. काम करण्याजोगं होतं, टॉलरन्स कडक पण माझ्या व्हीएमसीच्या आवाक्यातला. मग अटी वाचल्या. एएस ९१०० (विमानाच्या भागांच्या दर्जाचं) सर्टिफिकेट, प्रत्येक तुकड्याचा गज कुठल्या भट्टीतून आला तिथपासूनची कागदपत्रं, मोजणीला सीएमएम (बारीक मोजमापाचं यंत्र). आणि संख्या? विमानं चाळीस. एका विमानाला दोन ब्रॅकेट धरा, ऐंशी नग, तेही काही वर्षांत मिळून. ट्रान्सफॉर्मरचं टर्मिनल मी महिन्याला हजारांनी काढतो.

म्हणजे विमान वाईट असं नाही. ऐंशी नगांसाठी सर्टिफिकेटचा खर्च तेव्हाच परवडेल, जेव्हा तोच पुरवठादार जगभरच्या विमानांचे ब्रॅकेट इथून घेईल. तसं झालं तर शेजारची चार शेडं मिळून एक सीएमएम घेऊ, आमचं बोलणंही झालंय. चाळीसवरच थांबलं तर कुणी हलणार नाही.

बुसानचा_बंडू

बरोबर धरलंत. पहिली ऑर्डर कुणाची हा प्रश्न नसतो, दुसरं गिऱ्हाईक कोण हा असतो. इथल्या यार्डांनी पहिलं जहाज तोट्यात बांधलं होतं.

सयाजीगंजकर (धागाकर्ता)

मग स्वतःपुरतं सांगा लेथवाला. दुसरं व्हीएमसी घेणार का, की आठ माणसंच?

लेथवाला

घेतोय. विमानासाठी नाही. पुतण्याने स्विचगिअरचे पितळी भाग बाहेर पाठवायचं एक गिऱ्हाईक धरलंय. भाव इथल्याहून फार जास्त नाही, साठ दिवसांची उधारी आहे, पण एकसष्टाव्या दिवशी पैसे खात्यात असतात. मटेरियल आपलं, म्हणजे कीसही आपला. त्या भरवशावर बँकेने मशीनचंच तारण घेतलं, घर सुटलं. नवं परवडत नाही, राजकोटचं सात वर्षं वापरलेलं बघतोय. दोन माणसं वाढतील, म्हणजे दहा होतील. ईएसआयचा फॉर्म भरायला घेतला.

कलाभवनचा_जुना

अभिनंदन! जुनं घेताय तर स्पिंडल गरम झाल्यावर डायल लावून रनआउट (फिरताना किती डगमगतो) बघा, थंड असताना सगळेच चांगले दाखवतात. बॉलस्क्रूचा बॅकलॅश (ढिलेपणा) तिन्ही अक्षांवर, मधोमध आणि दोन्ही टोकांना. मधोमध जास्त निघाला तर भाव पाडा, कारण तिथेच तो माणूस सात वर्षं काम करत होता.

लेथवाला

धन्यवाद काका. शनिवारी जातोय, तुमचा डायल नेऊ का? माझा ०.०१ मिमीचा आहे.

कलाभवनचा_जुना

माझा मायक्रॉनचा आहे. घेऊन जा, पण चुंबकी स्टँड परत आणा, मागचा कुणीतरी ठेवून घेतलाय.